पदव्यांच्या अडत्यास अनावृत पत्र

रा. रा. 'अधिकृत शैक्षणिक सल्लागार' यांस,



पत्राच्या माथ्यावर तुमचं नाव घालायची फार इच्छा होती, पण ते कुठेच मिळालं नाही. जाहिरातीत विद्यापीठाचं बोधचिन्ह आहे, गाउन-टोपी घातलेली हसरी मुलगी आहे, 'शंभर टक्के ऑनलाइन' आहे आणि खाली एक मोबाइल क्रमांक आहे. विद्यापीठाला नाव असतं, कुलसचिव असतो, त्याला नोटीस पाठवता येते. विद्यार्थ्याला तर आता नावाशिवाय आधार, एबीसी आयडी आणि डेब आयडी असे तीन क्रमांक असतात. या सगळ्या व्यवहारात अनामिक राहून पैसे मोजून घेणारे तुम्ही एकटेच. तेव्हा हुद्द्यावरच भागवून घेतो. तुम्हाला 'अधिकृत' कोणी केलं, ते ओघात विचारीनच.

आधी तुमच्या माणसाच्या बोलण्याला दाद देतो. माझ्या पुतण्याने कुठल्याशा पोर्टलवर 'एमबीए' एवढंच टाइप केलं आणि फोन सुरू झाले. स्पीकर लावून मीही ऐकले. "दादा, युनिव्हर्सिटी यूजीसी एन्टायटल्ड आहे. नॅक ए प्लस प्लस आहे. डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची आहे, गव्हर्न्मेंट जॉबला चालते. फक्त आज रात्री बारापर्यंत स्कॉलरशिप आहे, उद्या फी वाढणार." चार वाक्यं. त्यातली पहिली तीन बहुतेक वेळा खरी असतात, आणि तुमची कारागिरी आहे ती इथेच. सरसकट खोटं बोलणारा लवकर सापडतो. तुम्ही सरकारच्याच तोंडची वाक्यं उचलता आणि शेवटी आपली एक ओळ जोडता.

ही वाक्यं तुम्हाला आयती कशी मिळाली, हे तुमच्या माणसाला ठाऊक नसेल. त्याच्या समोरच्या स्क्रीनवर तेवढं लिहिलेलं नसतं. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं की पूर्ण ऑनलाइन पदवी देण्याची मुभा राष्ट्रीय क्रमवारीतल्या पहिल्या शंभर संस्थांनाच मिळेल. मग टाळेबंदी लागली, आणि १७ मेच्या पॅकेजमध्ये पहिल्या शंभर विद्यापीठांना आपोआप परवानगी मिळाली. ४ सप्टेंबर २०२० ला मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे एकत्रित विनियम आले. त्यांनी उंबरठा ठरवला: दर्जा तपासणाऱ्या नॅकचे चारपैकी किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या पहिल्या शंभरात जागा. ३.२६ च्या वर असाल तर आधी परवानगी मागायचीही गरज नाही. त्यालाच तुम्ही 'एन्टायटल्ड' म्हणता, आणि पोरगं समजतं की खुद्द यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, कोर्सवर हात ठेवून आशीर्वाद दिलाय.

नॅकचे हे गुण किती मोलाचे आहेत, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये देशाला कळलं. आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी मिळावी म्हणून लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांना, अगदी समितीच्या अध्यक्षांसकट, अटक केली. त्या बातमीनंतर तुमच्या जाहिरातीतल्या 'ए प्लस प्लस'चा टाइप आणखी मोठा झाला, असं मला तरी वाटलं.

बरोबरीचं वाक्यही खरंच आहे. २ सप्टेंबर २०२२ ला आयोगाने जाहीर केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीला समकक्ष समजावी. चांगला निर्णय होता. एसटीच्या वाहकाला, अंगणवाडी सेविकेला, लग्नामुळे शिक्षण तुटलेल्या बाईला त्याची गरज होती. त्या सूचनेतला 'मान्यताप्राप्त' हा शब्द मात्र तुम्ही एका श्वासात गिळता. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते, ती अमुक अभ्यासक्रमाला, अमुक सत्रासाठी असते. त्याच विद्यापीठाचा एमबीए चालेल आणि शेजारचा कोर्स चालणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान असे आरोग्याशी जोडलेले विषय जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. आदल्या आठवड्यापर्यंत तुमचा माणूस 'काउन्सेलिंग सायकॉलॉजीला फार स्कोप आहे' असं सांगत असणार. दुसऱ्या दिवशी स्कोप डेटा सायन्सला गेला असेल.

विनियम वाचताना एक मौज दिसते. ऑनलाइन अभ्यासक्रमाला चार अंगं हवीत असं त्यात लिहिलंय: दृक्‌श्राव्य व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकांसाठी चर्चामंच. मी तुमच्या माणसाला विचारलं, चर्चामंचावर प्राध्यापक किती दिवसांत उत्तर देतात? तो म्हणाला, "सर, प्लेसमेंट असिस्टन्स पण आहे." मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "नो कॉस्ट ईएमआय पण आहे." तिसऱ्यांदा विचारायचं धैर्य मला झालं नाही, न जाणो, स्कूटर पण असायची.

त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, हे नोंदवून ठेवतो. आवाजावरून तो पुतण्याच्याच वयाचा वाटला. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असेल, आणि कदाचित तो स्वतःही अशीच कुठली तरी पदवी हप्त्यांवर घेत असेल. हे पत्र त्याला टार्गेट देणाऱ्याला आहे.

आता 'अधिकृत'कडे येतो. २०२० च्या विनियमांत फ्रँचायझीला सक्त मनाई आहे. प्रवेश देणं, शिकवणं, परीक्षा घेणं हे विद्यापीठाने स्वतः करायचं. दुसऱ्याच्या हाती दुकान सोपवायचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) दोघांनी हे पुन्हा बजावलं. तेव्हा फ्रँचायझी हा शब्द तुमच्या पाटीवरून उतरला आणि 'एन्रोलमेंट पार्टनर' चढला. दुकान तेच, गल्ला तोच. तंत्रज्ञान पुरवणं वेगळं आणि गिऱ्हाईक पुरवणं वेगळं, हा फरक विनियम लिहिणाऱ्याला कळला होता. अंमलबजावणी करणाऱ्याला तो तुमच्या बिलावर दिसत नाही, कारण बिलावर 'मार्केटिंग सेवा' लिहिलेलं असतं.

आयोग झोपला होता असं मात्र मी म्हणणार नाही. तो जागा असतो आणि नोटिसा लिहीत असतो. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने एडटेक कंपन्यांपासून जपून राहायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये परदेशी संस्थांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी.पासून आयोगाने सावध केलं. डिसेंबर २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांच्या भागीदारीतल्या पदव्यांपासून पुन्हा सावध केलं. या साऱ्या सावधगिरीचा पत्ता एकच: विद्यार्थी व पालक. चोर अमुक गल्लीतून येतो, त्याची वेळ अमुक, त्याच्या सदऱ्याचा रंग अमुक, हे सगळं पोलिसांनी फलकावर लिहावं आणि खाली सूचना द्यावी की नागरिकांनी आपापली दारं लावून घ्यावीत, असा हा कारभार आहे. विद्यापीठांवर आयोगाचा हात पोचतो, विद्यार्थ्यापर्यंत आयोगाची नोटीस पोचते, आणि या दोघांच्या मधोमध तुम्ही खुर्ची टाकून बसला आहात. तिथे हात पोचत नाही आणि नोटिशीचा तुम्हाला उपयोग नाही.

सरकार रागावलंय असं दिसताच तुमच्या धंद्यातल्या बड्या कंपन्यांनी जानेवारी २०२२ मध्येच 'इंडिया एडटेक कन्सॉर्शियम' स्थापन केलं, म्हणजे आपली आचारसंहिता आपणच पाळायची आणि आपणच तपासायची. इतकं स्वावलंबन खादी ग्रामोद्योगालाही जमलं नव्हतं.

तुलनेला दुसरी अडत घ्या. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची अडत करायची तर परवाना लागतो. व्यापाऱ्याला लागतो, हमालाला लागतो, मापाड्याला लागतो. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्यापासून ही पद्धत आहे. २०१६ साली सरकारने असंही ठरवलं की फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची. म्हणजे वांग्याच्या पाटीमागे अडत्याला किती मिळतं आणि ते कोणाच्या खिशातून जातं, यावर या राज्यात मंत्रिमंडळाच्या बैठका झाल्या, संप झाले. तुमच्या अडतीवर कुणी एक प्रश्न विचारला आहे? पोराच्या फीमधून तुमच्याकडे किती जातात आणि प्राध्यापकाकडे किती, हे विद्यापीठाच्या पावतीवर कधी छापलेलं पाहिलं नाही. कांद्याला जेवढी कायद्याची राखण, तेवढी बी.कॉम.ला नाही.

आणि दंड? इथे मला तुमचा खरंच हेवा वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. त्याचं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना आणि संसदेने अधिकार दिलेल्या संस्थांना. कलम २३ सांगतं की ज्याने त्याने स्वतःला 'विद्यापीठ' म्हणवून घ्यायचं नाही. आणि हे मोडलं तर काय, ते कलम २४ मध्ये आहे: एक हजार रुपयांपर्यंत दंड. टंकलेखनाची चूक नाही ही. एक हजार. १९५६ साली त्या पैशांत नऊ-दहा तोळ्यांच्या आसपास सोनं आलं असतं, म्हणजे तेव्हाच्या खासदारांनी दंड चांगला दणदणीत ठेवला होता. आज त्यात एक ग्रॅमही येत नाही. तुमच्या जाहिरातीतल्या गाउन-टोपीचं भाडं बहुधा याहून जास्त होईल. आयोग दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी काढतो. आपल्या नागपूरचं एक नाव त्यात वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. यादीत राहायचं भाडं इतकं कमी असेल तर कोण घर बदलेल?

पण खरी गंमत पुढेच आहे. हा हजार रुपये दंडही तुम्हाला लागत नाही. तुम्ही पदवी देत नाही, ती विद्यापीठ देतं. तुम्ही स्वतःला विद्यापीठ म्हणवत नाही, 'सल्लागार' म्हणवता. कायदा लिहिणाऱ्यांनी पदवी देणारा आणि घेणारा असे दोनच जण कल्पिले होते. मधला माणूस १९५६ साली त्यांच्या डोक्यातही आला नसेल.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची हमी देऊ नका, टॉपरचा फोटो त्याच्या संमतीशिवाय छापू नका, खोटी घाई उभी करू नका, असं बरंच चांगलं त्यात आहे. वाटलं, आता तुमची खैर नाही. मग 'कोचिंग'ची व्याख्या वाचली. त्यातून वगळलेल्या गोष्टी अशा: समुपदेशन, खेळ, नृत्य, नाटक आणि तत्सम सर्जनशील उपक्रम. तुम्ही तर पहिल्या दिवसापासून 'काउन्सेलर'! तेव्हा कथ्थकच्या गुरूंशेजारी आणि नाट्यशिबिरांच्या रांगेत तुमची खुर्ची मांडलेली आहे. 'आज रात्री बारापर्यंत' हे वाक्य ज्या तळमळीने म्हटलं जातं ते ऐकता, नाटकाच्या रांगेवर माझा आक्षेप नाही. फसव्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक कायद्यात दहा लाखांपर्यंतचा दंड आहे, हेही खरं. पण त्यासाठी प्रकरण प्राधिकरणापुढे उभं राहावं लागतं, आणि फसलेल्या पोराला आधी घरच्यांपुढे उभं राहायचं असतं.

त्या पोराचं पुढे काय होतं, हे तुमच्या धंद्याच्या इतिहासातच लिहिलेलं आहे. ऑनलाइनच्या आधी तुमचे वाडवडील 'अभ्यासकेंद्र' चालवत. परराज्यातल्या विद्यापीठाचा बोर्ड, खाली झेरॉक्सचं दुकान, वर पदवी. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठं उगवली, प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातली विद्यापीठं काढायची तरतूदच उडवली. २०१३ मध्ये दूरशिक्षणाचा कारभार इग्नूच्या परिषदेकडून आयोगाकडे आला, विद्यापीठांनी आपल्या हद्दीबाहेर केंद्रं काढू नयेत असं ठरलं, आणि गल्लीबोळातले बोर्ड उतरले. मग ऑनलाइन आलं. ऑनलाइनला हद्द नाही. बोर्ड फोनच्या स्क्रीनवर लागला.

अभ्यासकेंद्रांच्या त्याच जुन्या काळात चार अभिमत विद्यापीठांनी चक्क अभियांत्रिकीच्या पदव्या दूरशिक्षणाने दिल्या. मंजुऱ्या मागाहून मिळवल्या, म्हणजे मुलं आधी दाखल झाली आणि परवानगी नंतर. बढतीच्या एका वादातून हे प्रकरण ओडिशातून दिल्लीला पोचलं. ३ नोव्हेंबर २०१७ ला न्या. आदर्श कुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान दाखल झालेल्यांच्या पदव्या निलंबित. एआयसीटीईची परीक्षा द्या, दोन संधी मिळतील, उत्तीर्ण व्हा. त्यानंतर दाखल झालेल्यांच्या पदव्या रद्द, फी परत. मागाहून मंजुऱ्या देणाऱ्या अधिकाऱ्यांची सीबीआय चौकशी.

निकाल चूक होता असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत पाय न ठेवता झालेल्या इंजिनिअरने बांधलेल्या पुलावरून मलाही जायचं नाही. पण क्षणभर त्या माणसाचा विचार करा. वयाच्या चाळिशीत, कनिष्ठ अभियंत्याचा उपअभियंता झालेला, बढतीच्या पगारावर घराचं कर्ज काढलेला. त्याने एक दिवस वर्तमानपत्रात वाचलं की आपली पदवी निलंबित आहे. तो पुन्हा अभ्यासाला बसला, मुलाच्या बारावीच्या पुस्तकांशेजारी आपली पुस्तकं उघडून. विद्यापीठं न्यायालयात वकील उभे करत होती, आयोग आणि परिषदा एकमेकांची जुनी पत्रं दाखवत होत्या. आणि ज्याने एका संध्याकाळी त्याला खुर्चीवर बसवून चहा पाजला, 'सगळं अप्रूव्हल आहे साहेब' म्हणत पावती फाडली, त्याचं अडतीपुरतं काम त्याच संध्याकाळी संपलं होतं. त्याला परीक्षा नाही, फी परत करणं नाही.

तेव्हापासून आयोग शहाणा झाला आहे, असं म्हणतात. २०२४ पासून दूरस्थ-ऑनलाइन प्रवेशाला दूरशिक्षण ब्यूरोचा डेब आयडी सक्तीचा केला. आधी क्रेडिट बँकेत (एबीसी) खातं, मग हा क्रमांक, मग प्रवेश. विद्यार्थ्याने स्वतः आयोगाच्या दारातून यावं म्हणजे मधल्यांचा काच कमी होईल, असा हेतू असावा. तुमच्या माणसाने पुतण्याला हेतूचं सार एका वाक्यात सांगितलं: "तो आम्हीच काढून देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा." दार बसवलं सरकारने आणि बिजागरीला तेल घातलंत तुम्ही.

हप्त्यांची बाजूही तशीच देखणी. फी विद्यापीठाला एकरकमी मिळते, तुमची अडत तुम्हाला, आणि पोराच्या नावावर कुठल्या तरी वित्तसंस्थेचं कर्ज बसतं. ते कर्ज आहे हे त्याला बहुधा पहिला हप्ता खात्यातून कापला जातो तेव्हा कळतं. दुसऱ्या सत्रात कोर्स सोडला, तरी हप्ता कोर्स सोडत नाही. परताव्याचे नियम विद्यापीठाला लागू. कर्जाचं नातं वित्तसंस्थेशी. तुमचा तो मोबाइल क्रमांक 'अस्तित्वात नाही'.

डिसेंबर २०२५ मध्ये 'विकसित भारत शिक्षा अधिष्ठान' विधेयक लोकसभेत आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. १९५६ चा कायदाच त्यात गुंडाळायचा आहे आणि दंडाची भाषा लाखांत-कोटींत गेली आहे. तुम्ही घाबरला नसालच. विधेयकातला सगळा राग संस्थांवर आहे, आणि तुम्ही संस्था कधी होता? तरी समितीतल्या कुणा खासदाराच्या हाती हे पत्र पडलंच, तर माझी मागणी साधी आहे. जो कोणी पदवीच्या प्रवेशावर कमिशन घेतो, त्याची आयोगाकडे नोंदणी व्हावी आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक जाहिरातीत असावा. फीच्या पावतीवर त्याचं कमिशन वेगळ्या ओळीत छापावं. कोर्स अमान्य ठरला, तर विद्यापीठाइतकीच फी परत करायची जबाबदारी त्याच्यावरही असावी. आणि कमिशन प्रवेशाच्या रात्री न मिळता विद्यार्थी पहिलं वर्ष पास झाल्यावर मिळावं. या शेवटच्या कलमावर तुमची चर्चामंचाबद्दलची आस्था एकदम वाढेल, अशी मला खात्री आहे.

पुतण्याने नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा अर्ज स्वतः भरला आहे. १९८९ पासून ते चालू आहे, तिथेही निकाल रखडतात आणि पुस्तकं उशिरा येतात. पण तिथे तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक आहे, आणि कार्यालयाची इमारत जागची हलत नाही. तुमच्या माणसाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "दादा, त्या डिग्रीला व्हॅल्यू नाही." कोणत्या कलमाखाली, ते विचारेपर्यंत त्याने दुसरा नंबर फिरवला होता.

कळावे.

आपला,
कमिशनची ओळ असलेली पावती मागणारा एक चुलता